शेवटचा एस मी म्हणणार नाही

आमच्या लंडनजवळच्या वॉटफर्डच्या मंडळात गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची प्लेट हातात घेऊन एखादं नवीन जोडपं हमखास विचारतं, “काकू, तुम्ही काय करत होतात?” होतात. म्हणजे माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यांनी मला परस्पर रिटायर करून टाकलेलं असतं. मी सांगते, “होते नाही, अजून करते. पबमध्ये प्रश्न विचारते.” मग मुलगा कसंनुसं हसतो, मुलगी माझ्या पैठणीकडे बघते आणि दोघंही मोदकाकडे वळतात. पुण्याहून नुकती आलेली पोरं, त्यांना पब म्हणजे शुक्रवारी ऑफिसनंतर जायची जागा एवढंच माहीत. तिथे सांगलीची एक बाई माइक घेऊन उभी राहते आणि पबभर माणसं पेन्सिली चघळत तिचं ऐकतात, हे त्यांना कोण सांगणार? या अंकाच्या संपादकबाईंनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं, तेव्हा ठरवलं की आपणच सांगायचं आणि गुळमुळीत सांगायचं नाही.

तर क्विझ अशी असते. संध्याकाळी माणसं टीम करून टेबलं धरतात. टीमला एखादं चावट नाहीतर निरर्थक नाव लागतं, त्याशिवाय इंग्रज माणूस खेळायला बसत नाही. मी प्रश्न वाचते, ते कुजबुजत उत्तरं लिहितात, राउंड संपली की शेजारच्या टेबलाशी शीट बदलून तपासतात आणि त्या तपासण्यात जी भांडणं होतात ती मी सोडवते. बक्षीस म्हणाल तर वाइनची एक बाटली. तेवढ्यासाठी कुणी येत नाही. लोक येतात ते ‘अरे, हे तर मला येत होतं’ म्हणून कपाळावर हात मारून घ्यायला. ज्याचं उत्तर ऐकून माणूस स्वतःवर चिडतो तो प्रश्न चांगला आणि उत्तर ऐकून जर तो माझ्यावर चिडला तर तो प्रश्न वाईट. एवढं एक कळलं की अर्धा धंदा कळला.

उरलेला अर्धा मार खाऊन कळतो. ‘सगळ्यात मोठं’, ‘पहिलं’, ‘एकमेव’ हे शब्द प्रश्नात दिसले की मी अजूनही सावध होते, कारण कुठल्यातरी टेबलावर त्याच्याहून मोठं नाहीतर त्याच्या आधीचं ठाऊक असलेला एक तरी गृहस्थ बसलेलाच असतो. स्लाऊच्या एका पबमध्ये मी एकदा निरागसपणे विचारलं, “जॉर्जियाची राजधानी कोणती?” माझ्या डोक्यात अमेरिकेतलं जॉर्जिया, उत्तर अटलांटा. एका टेबलानं लिहिलं, तिब्लिसी. मी ‘चूक’ म्हणणार तेवढ्यात त्या टेबलावरची एक बाई उठून उभी राहिली. ती तिथल्याच एका वेअरहाउसमध्ये कामाला होती आणि तिचं माहेर त्या दुसऱ्या, कॉकेशसमधल्या जॉर्जियात होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी दोन्ही उत्तरांना मार्क दिला. मागून कुणीतरी ‘चीटिंग’ म्हणून ओरडलं. मी म्हटलं, स्वतःच्या देशाचं नाव हिनं चुकीचं ऐकलं असं तिला तोंडावर सांगायचं असेल तर तुम्ही या इथे आणि सांगा. कुणी आलं नाही.

हे सगळं मी एका कंपनीसाठी करत असे. कंपनी म्हणजे काय, तर पबांना क्विझ पुरवणारी मंडळी. त्यांच्या यादीत माझ्यासारखे बरेच होते. प्रश्न आम्हीच काढायचे आणि आम्हीच वाचायचे. गुरुवार माझा वॉटफर्डचा, मंगळवार स्लाऊचा आणि महिन्यातून एकदा साउथहॅम्प्टन. तिथे बंदरावर क्रूझचं जहाज लागलेलं असलं की गोव्याची, फिलिपिन्सची खलाशी पोरं टीम करून बसायची आणि नकाशाच्या राउंडमध्ये सगळ्यांना पाणी पाजायची.

आता माझ्या कार्डांबद्दल सांगायला हवं. मी प्रश्न देवनागरीत लिहिते. प्रश्न इंग्रजी, पण अक्षरं आपली. सुरुवातीला मी इंग्रजीतच लिहायचे, पण इंग्रजांचं स्पेलिंग म्हणजे निव्वळ थाप आहे. लिहायचं काय आणि म्हणायचं काय, याचा काही धरबंध नाही. पहिल्याच वर्षी मी भर पबमध्ये ‘लायसेस्टर’ म्हटलं होतं, तेव्हा लोक टेबलांवर डोकी टेकून हसले होते. घरी येऊन कार्ड फाडलं आणि नवीन लिहिलं, ‘लेस्टर’. मग ‘वुस्टर’, ‘ग्लॉस्टर’, सगळी गावं. देवनागरीत एकदा लिहिलं की तोंडाला फसायची सोय राहत नाही. वर आपल्या मराठीला व आणि व्ह दोन्ही वेगळे लिहिता येतात. वॉटफर्डचा व वेगळा, व्हिक्टोरियाचा व्ह वेगळा. शेजारच्या हिंदीवाल्या भाभींना मी हे ऐकवते तेव्हा त्या चहा ओतत राहतात.

अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं म्हणजे आम्हा क्विझवाल्यांची खाण आहे. एकेक राज्य घेऊन मी त्यावर अख्खी राउंड करायचे. इथल्या लोकांना त्यातलं गाण्यांपुरतं आणि टीव्हीपुरतं माहीत असतं, म्हणजे चुकायला भरपूर वाव. माझं सगळ्यात लाडकं राज्य आर्कन्सॉ. सांगलीच्या शाळेत भिंतीवरच्या नकाशात त्याला अर्कान्सास म्हणत आणि मीही इथे येईपर्यंत तेच म्हणत होते. स्पेलिंगमध्ये आख्खं कॅन्सस बसलेलं आहे, मग दुसरं काय म्हणणार? पण फ्रेंच लोकांनी तिथल्या मूळ लोकांचं नाव दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं, आपल्या पद्धतीनं लिहिलं आणि त्यांच्या सवयीनं शेवटचा एस गप्प ठेवला. पुढे तिथल्याच लोकांत दोन तट पडले. कुणी ‘आर्कन्सॉ’ म्हणे, कुणी ‘आर-कॅन्झस’. शेवटी तिथल्या विधिमंडळानं ठराव केला की आमच्या राज्याचं नाव असं असंच म्हणायचं, शेवटचा एस उच्चारायचा नाही. स्वतःचं नाव कसं घ्यायचं याचा कायदा करणारं राज्य! मला ते वाचल्या दिवसापासून आवडलं.

बाकीही माल भरपूर. अमेरिकेत सगळ्यात जास्त भात पिकतो तो तिथे. आमच्या पबमधल्या एकाही टेबलाला हे येत नाही, सगळे कॅलिफोर्निया लिहितात. तिथे एक सरकारी पार्क आहे, नांगरलेल्या शेतासारखं. तिकीट काढून आत जायचं, माती उकरायची आणि हिरा सापडला तर तो तुमचा, खिशात घालून घरी न्यायचा. टेक्सारकाना नावाचं एक गाव टेक्सस आणि आर्कन्सॉच्या हद्दीवर असं बसलंय की पोस्टाची इमारत अर्धी या राज्यात, अर्धी त्या. आणि माझा हुकमी प्रश्न, या राज्याचं अधिकृत पेय कोणतं? सगळी टेबलं व्हिस्की, बर्बन, बिअर लिहून मोकळी. उत्तर आहे दूध. आमचे हे कोपऱ्यात लिंबू-सोडा घेऊन बसतात, ते त्या दिवशी इतके हसले की ठसका लागला.

ही राउंड मी वॉटफर्डला घेतली तेव्हा भांडण झालं. भांडण करणारा कीथ. कीथ म्हणजे आमच्या पबचा जुना गडी. आयुष्यभर बस चालवली, आता पेन्शनीत, दर गुरुवारी खिडकीजवळचं टेबल धरून बसणार आणि प्रत्येक राउंडला एक तरी हरकत घेणार. मला तो आवडायचा. हरकत घेणारं कुणी नसेल तर क्विझ मिळमिळीत होते. मी प्रश्न वाचला, “आर्कन्सॉ नदी आर्कन्सॉला पोहोचायच्या आधी कुठल्या तीन राज्यांतून वाहते?” कीथचा हात वर.

“आर-कॅन्झस,” तो म्हणाला. “नदीचं नाव आर-कॅन्झस आहे. माझी बहीण कॅन्ससमध्ये विचिटाला राहते. मी तिथल्या पुलावर उभा राहिलोय.”

आणि तो खरं बोलत होता. कॅन्ससमधले लोक तीच नदी तशीच म्हणतात. मी म्हटलं, “विचिटाच्या पुलावर तू बरोबर आहेस, कीथ. पण ही राउंड आर्कन्सॉची आहे, आणि तिथे कायद्यानं शेवटचा एस म्हणायला बंदी आहे. मी म्हणणार नाही.” लोक हसले. कुणीतरी कीथला म्हणालं की बघ हं, पोलीस पकडतील. त्याचे कान लाल झाले. त्यात त्याची टीम त्या दिवशी एका मार्कानं हरली. कोट घालून तो निघून गेला.

सोमवारी गॅरेथचा फोन आला. गॅरेथ म्हणजे कंपनीतला आमच्या भागाचा मॅनेजर. माणूस वाईट नाही. फोनवर आधी दोन मिनिटं हवामान बोलतो आणि मग मुद्द्यावर येतो, म्हणजे बातमी वाईट आहे हे हवामानावरूनच कळतं. कीथनं कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार केली होती. क्विझ घेणाऱ्या बाईचा ॲक्सेंट कळत नाही, तिला साधी अमेरिकन राज्यांची नावं धड म्हणता येत नाहीत.

“तिकडच्या लोकांनीच तसा ठराव केलाय,” मी म्हटलं. “पाठवू का तुला?”

“तू बरोबर असशील,” गॅरेथ म्हणाला. “बरोबर-चूक हा प्रश्नच नाही. लोकांना आवाज कंफर्टेबल वाटला पाहिजे. तू प्रश्न फँटॅस्टिक काढतेस, ते तूच काढ. फक्त वाचायला मी टोबीला पाठवतो. तो ॲक्टर आहे. त्याचा आवाज अगदी न्यूट्रल आहे.”

न्यूट्रल काय? आवाज आहे का गाडीचा गिअर? हे मनातल्या मनात, पण माझं डोकं फिरलं. गेली कित्येक वर्षं या लोकांनी माझा प्रश्न ऐकून उत्तरं लिहिली, वाइन जिंकली, माझ्याशी भांडले, लग्नाच्या वाढदिवसाला केक आणले. तेव्हा सगळं कळत होतं. एकदा एक माणूस एका मार्कानं हरला आणि लगेच माझा आवाज कळेनासा झाला? आणि प्रश्न मात्र माझेच हवेत. म्हणजे स्वयंपाक मी करायचा आणि वाढायला मात्र मी दिसायचं नाही.

“विचार कर, डायना,” गॅरेथ म्हणाला.

डायना. हे एक सांगायचं राहिलं. माझं नाव ज्ञानदा. मी पूर्वी इथल्या लायब्ररीत काउंटरवर होते. तिथे एका चॅरिटी क्विझला मी प्रश्न वाचले, ते ब्रेंडानं ऐकले. ब्रेंडा आमच्या पबची मालकीण. तिनं मला बोलावलं, बारच्या गोंगाटात नाव विचारलं आणि बाहेरच्या काळ्या पाटीवर खडूनं लिहिलं, ‘क्विझ विथ डायना’. मला काम हवं होतं, तिला गिऱ्हाईकं दिसत होती आणि डायना म्हणायला सोपं होतं. ते पडलं ते पडलंच. पुढे कंपनीच्या यादीत आले, तिथेही तेच गेलं. मला त्याचं फार वाईट वाटायचं असंही नाही, पबच्या दारात शिरताना चप्पल बदलावी तसं ते नाव मी घालत असे. पण त्या सोमवारी फोन कानाशी धरून मी उभी होते आणि मला एकदम जाणवलं की हा माणूस माझा आवाज काढून घेतोय आणि ज्या बाईचा काढून घेतोय ती कोण हेही त्याला ठाऊक नाही.

“माझं नाव डायना नाही,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

घरात दोन्हीकडून सल्ले सुरू झाले. माझी लेक सई इथेच जन्मलेली, स्लाऊला एका टेक कंपनीत एचआरमध्ये आहे. ती फोनवर तापली. “आई, हे क्लिअर डिस्क्रिमिनेशन आहे. तू मला सगळं लिहून पाठव, मी लीगल टीमच्या फ्रेंडला दाखवते. तुझी ॲक्सेंट इश्यू नाहीये, त्याची कान इश्यू आहे.” आमच्या सईच्या मराठीत ॲक्सेंटही बाई असते आणि कानही. मी सुधारत बसत नाही, तिचा मुद्दा मला स्वच्छ कळतो. पण मला केस नको होती. केस जिंकले असते तर कंपनीनं एक माफीपत्र पाठवलं असतं आणि गुरुवारी माइक टोबीच्याच हातात राहिला असता. मला माइक हवा होता.

आमच्या ह्यांचं म्हणणं वेगळं. “अगं, सोड की आता,” हे म्हणाले. “प्रश्न तुझेच राहणार आहेत. घशाला तरी आराम पडेल.”

“अहो, तुम्ही जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलंत,” मी म्हटलं. “रिपोर्ट तुम्ही करायचा आणि सही टोबीनं करायची, चाललं असतं तुम्हाला?”

हे जरा वेळ वर्तमानपत्राच्या मागे गेले. मग तिथूनच म्हणाले, “नसतं चाललं.”

“मग?”

“मग जा आणि भांड. मी येतो. माझं टेबल कोपऱ्यातलंच ठेव.”

गुरुवारी संध्याकाळी पब गच्च भरला. तक्रारीची गोष्ट फुटली होती, वॉटफर्ड तसं लहानच आहे. कीथ खिडकीजवळ होता, माझ्या नजरेला नजर देत नव्हता. गॅरेथ बारपाशी उभा होता आणि त्याच्या शेजारी टोबी. उंच, गळ्यात स्कार्फ, चेहऱ्यावर खरंच गोंधळलेलं हसू. त्या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याला वाटत होतं की आधीची बाई आजारी आहे.

गॅरेथ म्हणाला, “प्रश्न आणलेस ना?”

“आणले तर,” मी म्हटलं आणि कार्डांची गड्डी टोबीच्या हातात ठेवली.

टोबीनं वरचं कार्ड बघितलं. उलटं केलं. दुसरं बघितलं. “हे काय आहे?”

“प्रश्न,” मी म्हटलं. “मी नेहमी असेच लिहिते.”

“हे हिंदी आहे का?”

“लिपी तीच. डोकं वेगळं.”

गॅरेथच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. “डायना, धिस इज नॉट फनी.” मी म्हटलं, फनी असावं अशी माझी इच्छाही नाही. करारात लिहिलंय की प्रश्न मी द्यायचे, ते मी दिले. ते न्यूट्रल आवाजात वाचायचे असतील तर खुशाल वाचा. टोबी एव्हाना सगळं समजला होता. त्यानं कार्डं दोन्ही हातांनी, अगदी जपून, मला परत दिली आणि म्हणाला की मला नाही वाटत हे माझं काम आहे. मग बारवर जाऊन त्यानं स्वतःसाठी बिअरचा एक पाइंट घेतला आणि एका टीममध्ये माणूस कमी होता तिथे जाऊन बसला. नटमंडळींबद्दल माझं मत तेव्हापासून फार चांगलं आहे.

मी माइक घेतला. पहिला प्रश्न वाचायच्या आधी म्हटलं, एक गोष्ट सांगते, मग सुरू करू. आर्कन्सॉचे दोन सिनेटर होते. एक म्हणे आर्कन्सॉ, दुसरा म्हणे आर-कॅन्झस, आणि दोघंही हट्टी. सांगतात की सिनेटचा अध्यक्ष त्यांना बोलायला उठवताना पहिल्याला म्हणे, ‘आर्कन्सॉचे सदस्य’, आणि दुसऱ्याला, ‘आर-कॅन्झसचे सदस्य’. ज्याचं नाव जसं, तसं त्याला. त्याला काही जड गेलं नाही आणि सिनेट बुडालं नाही.

“कीथ,” मी म्हटलं. त्यानं वर बघितलं. “तुझ्या बहिणीच्या दारातली नदी मी आर-कॅन्झसच म्हणेन. वचन. राज्याला मात्र मी आर्कन्सॉच म्हणणार. आणि मला तुम्ही आजपासून डायना म्हणायचं नाही. माझं नाव ज्ञानदा. आर्कन्सॉमध्ये शेवटचा एस गप्प असतो. माझ्या नावातलं एकही अक्षर गप्प नाही, सगळी म्हणायची.”

बारमागे ब्रेंडा उभी होती. तिचा चेहरा मला आजही दिसतो. पाटीवर ते नाव तिनंच लिहिलं होतं, आणि इतक्या वर्षांत तिनंही विचारलं नव्हतं. तिनं हात पुसले, दाराबाहेर गेली, फूटपाथवरची ती पाटी उचलून आत घेऊन आली आणि सगळ्यांसमोर ओल्या फडक्यानं पुसली. “स्पेलिंग सांग,” ती म्हणाली. मी एकेक अक्षर सांगितलं, डी, एन, वाय. ती थबकली. “डी सायलेंट आहे?”

“नाही,” मी म्हटलं. “म्हणायचा.”

गॅरेथ बारपाशी येऊन हळूच म्हणाला की हे कंपनीच्या पॉलिसीत बसत नाही. ब्रेंडानं खडू खाली ठेवला नाही. ती म्हणाली, “मग माझा पब तुझ्या यादीतून काढून टाक, लव्ह. ही इथेच राहील.” आणि क्विझ सुरू झाली.

पुढचं फार गोड नाही, तेही सांगते. कंपनीनं मला काढलं. स्लाऊ गेलं, साउथहॅम्प्टन गेलं. तिथे आता माणूसच नसतो, एक ॲप असतं, प्रश्न मोबाइलवर येतात आणि रेकॉर्ड केलेला एक आवाज ते वाचतो. अगदी न्यूट्रल. त्या आवाजाशी भांडता येत नाही. स्लाऊच्या त्या जॉर्जियाच्या बाईचं तिब्लिसी तो आवाज मान्य करील का, हा विचार माझ्या मनात येतो आणि मला खरंच वाईट वाटतं. बंदरावरच्या खलाशी पोरांची तर मला फार आठवण येते. सई अजून म्हणते की तेव्हा केस करायला हवी होती. तिचं बरोबरही असेल. पण त्या दिवशी मी मान खाली घालून टोबीला इंग्रजीत टाइप केलेले प्रश्न दिले असते, तर आज स्लाऊही असतं, साउथहॅम्प्टनही असतं आणि मला आरशात डायना दिसली असती. मला ते परवडलं नसतं.

वॉटफर्डचा गुरुवार मात्र माझा आहे. आणि त्या गुरुवारी मी एक ठराव केला. विधिमंडळ नाही, ब्रेंडाचा पब, पण ठराव तो ठराव. दर आठवड्याला पहिला प्रश्न एकच असतो, आणि त्याचं उत्तर लिहायचं नसतं, म्हणायचं असतं. टीममधलं एक माणूस शीट घ्यायला माझ्यापाशी येतं, तेव्हा त्यानं माझं नाव घ्यायचं. बरोबर घेतलं तर एक मार्क. अर्धा मार्क नाही.

काय मजा येते म्हणून सांगू. द, न आणि य एका दमात म्हणायचे म्हणजे इंग्रज जिभेची परीक्षाच. कुणी ‘डिन्याना’ म्हणतं, कुणी ‘नानाडा’. आमच्या शेजारच्या हिंदीवाल्या भाभी एकदा हौसेनं टीम घेऊन आल्या आणि ‘ग्यानदा’ म्हणाल्या. मी त्यांनाही मार्क दिला नाही. त्या म्हणाल्या, अक्षर तर तेच आहे. म्हटलं, अक्षर तेच, पण नाव माझं आहे आणि ते सांगलीत ठेवलंय. भाभी रुसल्या, पण पुढच्या आठवड्यात घोकून आल्या. पहिल्या फटक्यात बरोबर म्हणाला तो पावेल, पोलंडचा, बाथरूम बसवायचं काम करतो. त्यांच्या भाषेत ‘दिवसाचा’ म्हणायला ‘द्न्या’ असाच काहीसा शब्द आहे म्हणे. त्याला कळेचना की बाकीच्यांना अवघड काय वाटतंय. आता गुरुवारी संध्याकाळी पबच्या बाहेर सिगरेट ओढणारी माणसं ‘द्न्या, द्न्या’ करत उभी असतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं की ही मंडळी जरा जास्तच प्यायलेली दिसतात.

कीथ काही आठवडे आला नाही. मग आला. दुसरीकडच्या ॲपवाल्या क्विझमध्ये हरकत घ्यायला कुणी नाही, हे त्याला कळलं असावं. तक्रारीबद्दल तो बोलला नाही, मीही बोलले नाही. शीट घ्यायला दर वेळी तो स्वतःच येतो, टीममधल्या दुसऱ्या कुणाला पाठवत नाही. टेबलापाशी येतो, चष्मा वर सरकवतो, श्वास घेतो आणि म्हणतो. आजवर एकदाही बरोबर आलेलं नाही. त्या मार्कापायी त्याची टीम एकदा पहिल्या नंबरावरून घसरली, तेव्हा त्याच्याच टेबलावरची माणसं मला म्हणाली की म्हातारा आहे, देऊन टाक ना. ब्रेंडाही म्हणाली. आमचे हेसुद्धा कोपऱ्यातून खुणा करत होते की दे, दे.

गेल्या गुरुवारी तो आला. नेहमीपेक्षा हळू, एकेक तुकडा जोडत, बसचं मोठं धूड अरुंद गल्लीत वळवावं तसं त्यानं ते नाव वळवलं.

“द... न्या... नाडा.”

मागचं टेबल टाळ्या वाजवायच्या तयारीत होतं. कीथनं माझ्याकडे बघितलं. “क्लोज इनफ?”

“नाही,” मी म्हटलं. “शेवटी द आहे, कीथ. ड नाही.”

मग त्यानं मान हलवली, शीट घेतली आणि खिडकीजवळ जाऊन बसला. तिथे टीमला समोर बसवून तो ओठ हलवत पुन्हा म्हणू लागला. मी माइक चालू केला.